निवृत्त सम्राटाचा वाडा

भग्नावशेष पाहायला निघालेल्या पर्यटकाच्या अपेक्षा माफक असतात. दोन-चार पडके खांब असावेत, गवत माजलेले असावे, जमलेच तर एखादी शेळी चरत असावी, आणि मुख्य म्हणजे तिथे कोणी राहत नसावे. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिट नावाचे शहर आहे. तिथला डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा यातली शेवटची अपेक्षा पहिल्या दहा पावलांत मोडीत काढतो. सतराशे वर्षांच्या दगडी भिंतीला एसीचा डबा टांगलेला असतो. त्याच्यावर दोरीला चादरी वाळत असतात, आणि एका रोमन कमानीत बरोबर मावेल अशी हिरव्या झडपांची खिडकी बसवलेली असते. पर्यटक मान वर करून शिल्पकाम पाहत असतो, तेवढ्यात वरून चादरीचे पाणी त्याच्या कपाळावर टपकते. इतिहासाचा इतका ओला अनुभव दुसऱ्या फारशा ठिकाणी मिळत नाही.

शहरात राजवाडा आहे की राजवाड्यात शहर, हे इथे सांगणे अवघड आहे. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण बाजू मोजल्या तर हा वाडा सुमारे 215 मीटर बाय 180 मीटर भरतो, म्हणजे साडेनऊ एकरांच्या आसपास. त्यात दुकाने आहेत, देवळे आहेत, खाणावळी आहेत, आणि भांडणेही होत असणार, कारण माणसे आजही राहतात. मालक तेवढा नाही.

मालकाची ओळख आधी करून दिली पाहिजे. डायोक्लेशियन हा याच डाल्मेशिया प्रांतातला, साध्या घरातला. सैन्यात भरती होऊन पायरीपायरीने वर चढला आणि 284 साली सम्राट झाला. त्याच्या आधीच्या पन्नास वर्षांत रोमला वीसहून अधिक सम्राट मिळाले होते, आणि त्यांतले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या तलवारीने गेले होते. थोडक्यात, सम्राटपदावरून निवृत्त होण्याची एकच पद्धत तेव्हा रूढ होती आणि तिच्यात पेन्शनची तरतूद नव्हती. डायोक्लेशियनने हा प्रकार वीस वर्षे पाहिला, पचवला, साम्राज्य चौघांत वाटून दिले आणि 1 मे 305 रोजी स्वतःहून राजीनामा दिला. रोमच्या इतिहासात असे करणारा तो पहिलाच सम्राट. तब्येत बिघडली होती हे खरे. पण तब्येत बिघडली म्हणून खुर्ची सोडणारे राज्यकर्ते कुठल्याच काळात फार नसतात, म्हणून त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

नोकरीत असताना त्याने केलेल्या दोन गोष्टी या वाड्याच्या गोष्टीला लागून येतात. पहिली 301 सालची. महागाई हाताबाहेर गेली तेव्हा त्याने हजारावर वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला आणि तो दगडांवर कोरून गावोगावी लावला. त्यात भाजीपाल्याचे दर होते. न्हाव्याला एका डोक्याचे दोन डिनारियस मिळावेत असे होते. मुलांना हिशेब शिकवणाऱ्या मास्तरला दर मुलामागे महिना 75, वकिलाला एका दाव्याचे 1000, आणि उत्तम प्रतीच्या सिंहाला दीड लाख. सिंह बाजारात विकायला येत असे आणि त्यात प्रती असत, हे त्या दरपत्रकावरून कळते. दुय्यम प्रतीचा सिंह गिऱ्हाइकाने कसा ओळखायचा हे मात्र कळत नाही. जास्त भाव लावणाऱ्याला देहदंड होता. व्यापाऱ्यांनी माल लपवला, बाजार ओस पडले, भाव आणखी चढले, आणि हुकूम हळूहळू विस्मरणात गेला. निदान लॅक्टॅन्शियस हा समकालीन लेखक तरी असे लिहून गेला आहे. तो सम्राटाचा कट्टर विरोधक होता हे खरे. पण कांद्याच्या भावाचे राजकारण पाहिलेल्या कोणाही मराठी वाचकाला या एका बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला जड जाणार नाही.

दुसरी गोष्ट 303 सालची. त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला. चर्चे पाडली, ग्रंथ जाळले, माणसे मारली. शेजारच्या सलोना शहराचा बिशप डोम्नियस याचा 304 साली शिरच्छेद झाला. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे वाड्याच्या सातबाऱ्यावर येणार आहे.

निवृत्तीनंतर कुठे राहायचे हा विचार सम्राटाने राजीनाम्याच्या आदल्या रात्री केलेला नव्हता. साधारण दहा वर्षे आधीच त्याने घर बांधायला काढले होते: आपल्या मुलखात, सलोनापासून पाच-सहा किलोमीटरवर, ॲड्रियाटिकच्या अगदी काठाला. दक्षिणेची भिंत तेव्हा सरळ समुद्रातून उठत असे. जवळच गंधकाच्या पाण्याचे झरे होते, तेही म्हाताऱ्या हाडांच्या दृष्टीने सोयीचेच. शुभ्र चुनखडी समोरच्या ब्राच बेटावरच्या खाणींतून आली. पिण्याचे पाणी सुमारे नऊ किलोमीटर लांबून, याद्रो नदीच्या उगमापासून कालवा बांधून आणले. त्याच उगमाचे पाणी स्प्लिटकर आजही पितात. ग्रॅनाइटचे खांब आणि दगडी स्फिंक्स मात्र इजिप्तहून बोटींतून मागवले. सी-फेसिंग, चोवीस तास पाणी, प्रवेशद्वारी इम्पोर्टेड शिल्प. एवढी सगळी वैशिष्ट्ये जाहिरातीत लिहून त्यांतली प्रत्येक खरी असलेला बांधकाम प्रकल्प म्हणून याची नोंद व्हायला हवी.

आराखडा मात्र निवृत्त माणसाचा नसून लष्करी माणसाचा आहे. चार कोपऱ्यांना चार बुरूज, चार दिशांना दारे, मधोमध एकमेकांना छेदणारे दोन सरळ रस्ते, छावणीच ती. उत्तरेच्या अर्ध्या भागात शिपाई आणि नोकर, दक्षिणेच्या अर्ध्यात सम्राट. वीस वर्षे पाठीत खंजीर बसण्याची वाट पाहत काढलेल्या माणसाने आरामखुर्चीभोवती एवढ्या जाड भिंती का घातल्या, हे वेगळे सांगायला नको. दारांची सोनेरी, चंदेरी, लोखंडी आणि काशाचे ही नावे पुढच्या काळात पडली. सोनेरी दारापाशी येऊन सोने शोधणारे पर्यटक रोज असतात आणि रोज तितकेच निराश होतात.

इथे भाजीचा विषय काढणे भाग आहे, कारण प्रत्येक गाईड तो काढतोच. सम्राट पायउतार झाल्यावर साम्राज्याचे चार वाटेकरी आपसांत भांडू लागले. पुन्हा गादीवर या, अशी गळ दोघा सहकाऱ्यांनी डायोक्लेशियनला घातली. त्याने उत्तर दिले ते असे, की सलोनाला मी माझ्या हातांनी लावलेली भाजी तुम्ही पाहाल, तर हा विषय पुन्हा काढणार नाही. गाईड इथे कोबी म्हणतात, आणि जगभर तो कोबीच प्रसिद्ध आहे. लॅटिन मजकुरात शब्द आहे तो नुसता भाजीपाल्याचा. कोबी नंतरच्या लोकांनी लावला. तरीही, ज्याने साऱ्या साम्राज्याला भाजीचे दर ठरवून दिले आणि ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याने शेवटी स्वतःच वाफे खणायला घ्यावे, यात एक न्याय आहे.

सम्राट वारल्यावर वाडा सरकारजमा राहिला. सैन्यासाठी लोकरी कापड विणण्याचा कारखानाही त्यात काही काळ चालला. मग सातव्या शतकात अवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोना उद्ध्वस्त केले. पळालेली माणसे आधी बेटांवर गेली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की शेजारीच जाड भिंतींची, चार दारे बंद होणारी, रिकामी इमारत पडून आहे. वाड्यात बिऱ्हाडे आली.

बिऱ्हाडे आली की वाड्याचे काय होते, हे पुण्या-नाशिकच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आधी दोन खांबांमध्ये एक भिंत येते. मग त्या भिंतीला खिडकी येते, खिडकीला सज्जा, सज्ज्यावर तुळशीच्या जागी जिरेनियमची कुंडी. पहारेकऱ्यांच्या अरुंद बोळात संत मार्टिनचे चर्च झाले. त्याची लांबी दहा मीटर आणि रुंदी दीड मीटरहून थोडी जास्त, म्हणजे भाविकाने आत जाऊन दोन्ही हात पसरले तर देवाआधी भिंती भेटतात. दोन घरांमधली एक गल्ली इतकी चिंचोळी उरली, की तिचे नावच ‘पुस्ती मे दा प्रोजेम’ असे आहे. अर्थ ‘जाऊ दे मला’. समोरासमोरून दोन धडधाकट पर्यटक आले, की गल्लीचे नाव कोणाला शिकवावे लागत नाही. पुण्याच्या वाड्यांत आणि या वाड्यात फरक एवढाच, की इथल्या भाडेकरूंवर मालकाच्या वारसांनी दावा लावला नाही, आणि तेराशे वर्षांनंतर तो आता मुदतीत बसणार नाही.

सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती मालकाच्या स्वतःच्या खोलीत. डायोक्लेशियनने पेरिस्टाइल या मधल्या चौकाच्या पूर्वेला स्वतःची समाधी बांधून ठेवली होती: अष्टकोनी, घुमटाची, बाहेरून खांबांची रांग. मरणोत्तर निवासाचीही सोय हयातीत करून ठेवणारा हा गृहस्थ. सातव्या शतकात नव्या रहिवाशांनी त्या समाधीचे चर्च केले आणि सलोनाहून डोम्नियसच्या अस्थी आणून त्यात ठेवल्या. ज्याचे डोके सम्राटाच्या राजवटीत उडवले, त्याच्या नावाने सम्राटाची समाधी नोंदली गेली. एक संत पुरेसा वाटला नाही म्हणून अनास्तासियसही आणला गेला. हा कापड धुऊन देणारा कारागीर; याला गळ्यात दगड बांधून बुडवले होते. सम्राटाची शवपेटी कधीतरी नाहीशी झाली, आणि ती आजपर्यंत सापडलेली नाही. घुमटाखालच्या पट्टीत, खूप उंचावर, दोन कोरीव चेहरे आहेत. ते डायोक्लेशियन आणि त्याची पत्नी प्रिस्का यांचे मानले जातात. म्हणजे मालकाला स्वतःच्या घरात माळ्यावर जागा मिळाली, तीही बहुधा कुणाचे लक्ष गेले नाही म्हणून. खाली लाकडी दरवाजे आहेत, 1214 साली आंद्रिया बुविना याने कोरलेले. ख्रिस्ताच्या आयुष्यातले 28 प्रसंग त्यांवर आहेत. तेही सम्राटाला आवडले नसतेच.

स्प्लिटकर या संताला प्रेमाने दुये म्हणतात, आणि 7 मे हा त्याचा दिवस शहरभर थाटात साजरा होतो. सम्राटाच्या नावाने गावात जत्रा भरत नाही.

समोरच्या गल्लीत ज्युपिटरचे देऊळ आहे. डायोक्लेशियन स्वतःला ज्युपिटरचा अंश म्हणवून घेत असे. ते देऊळ पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याचे ठिकाण झाले. दारात इजिप्तचा एक स्फिंक्स बसला आहे, त्याला डोके नाही. मूर्तिपूजेच्या रागाने स्फिंक्सांची मुंडकी उडवली गेली तेव्हा त्याचेही गेले. पेरिस्टाइलवरचा काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स वाचला. तो तिसऱ्या थुटमोसच्या काळचा, म्हणजे इथे आला तेव्हाच सतराशे वर्षांहून जुना होता. रोमन सम्राटाने प्राचीन वस्तू म्हणून आणलेल्या या जनावराशेजारी उभे राहून आजचे पर्यटक प्राचीन रोमनांचा फोटो काढतात. त्याच्या पुढच्या पंजांजवळचा दगड लोकांच्या हातांनी आणि बुडांनी गुळगुळीत झाला आहे. त्याला टेकून एखादे मांजर झोपलेले असले, तर फोटो मांजराचाच निघतो.

तळघरांची कथा सगळ्यात वासाची आहे, आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. जमीन समुद्राकडे उतरती असल्यामुळे सम्राटाची दालने एका पातळीत आणायला त्यांच्याखाली प्रचंड कमानी तळघरे बांधावी लागली. खाली जशी खोली, तशीच वर. पुढे वरची दालने पडली, मोडली, त्यांवर घरे झाली. या घरांना सांडपाण्याची व्यवस्था नव्हती, पण जमिनीखाली भल्यामोठ्या रिकाम्या खोल्या आहेत हे ठाऊक होते. जमिनीला भोके पाडण्यात आली, आणि कित्येक शतके स्प्लिटच्या कुटुंबांनी आपला केरकचरा आणि बाकीचे सगळे सम्राटाच्या तळघरात सोडून दिले. खोल्या छतापर्यंत भरल्या. एकोणिसाव्या शतकात थोडे आणि विसाव्यात पुष्कळ उपसल्यावर आतून जवळजवळ अखंड रोमन बांधकाम निघाले. कचऱ्यात कोणी घुसले नाही, म्हणून कोणी ते पाडलेही नाही. वर काय होते ते नष्ट झाले तरी खालच्या भिंतींवरून वरचा नकाशा मांडता आला. कचरा न उचलल्याबद्दल नगरपालिकेचे ऋण मान्य करावे अशी ठिकाणे जगात कमी असतील.

हल्ली त्या तळघरांना तिकीट आहे. अनेक जण ते काढतात ते डायोक्लेशियनसाठी नव्हे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेत इथे ड्रॅगन साखळदंडाने बांधले होते, म्हणून. समुद्राकडच्या दारातून पेरिस्टाइलकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. तिथे सम्राटाचे पुतळे थोडे आणि फ्रिजला चिकटवायची चुंबके पुष्कळ मिळतात.

हा वाडा युरोपला नीट दाखवला तो रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुकाराने. तो 1757 साली चित्रकार घेऊन आला आणि पाच आठवडे भिंती मोजत बसला. त्या वेळी शहर व्हेनिसच्या ताब्यात होते. परका माणूस तटाची मापे घेतो आहे, हे पाहून तिथल्या कारभाऱ्याला हा हेर असल्याचा संशय आला आणि कामात खोडा पडला. संशय अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, कारण ॲडमने वाडा खरोखरच चोरून नेला: 1764 साली त्याचे चित्रांचे भव्य पुस्तक निघाले आणि ब्रिटनमधल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत डायोक्लेशियनचे खांब आणि नक्षी उगवू लागली. त्याच्या पुस्तकात मूळ वाडा कसा असेल याचे आराखडे आहेत. त्यांत भाडेकरू एकही नाही. वास्तुकारांच्या आराखड्यांत तो कधीच नसतो.

त्यानंतरही वाड्याला स्वस्थता मिळालेली नाही. 1929 साली पेरिस्टाइलच्या मधोमध इव्हान मेश्त्रोविच या शिल्पकाराने केलेला बिशप ग्रगूर निन्स्कीचा अवाढव्य काशाचा पुतळा उभा करण्यात आला. दहाव्या शतकातला हा बिशप लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना व्हावी या आग्रहासाठी ओळखला जातो. पण त्या चौकात तो पुतळा म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात उभा केलेला हत्ती होता. दुसऱ्या महायुद्धात इटालियनांनी तो हलवला. आता तो सोनेरी दाराबाहेर आहे. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा चोळला की नशीब फळफळते असे म्हणतात. सगळा पुतळा काळाहिरवा आणि एकटा अंगठा सोन्यासारखा झळकतो, त्यामुळे सोनेरी दारापाशी निराश झालेल्यांना थोडे समाधान मिळते. 1968 च्या जानेवारीत एका रात्री काही तरुणांनी पेरिस्टाइलची सगळी फरशी लाल रंगवली. तेव्हा तो गुन्हा होता. आज तो क्रोएशियाच्या कलेच्या इतिहासातला टप्पा आहे. 1979 मध्ये युनेस्कोने वाड्यासकट जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घातले, आणि तेव्हापासून इथे खिडकीची झडप बदलायची तरी रहिवाशाला आधी रोमन साम्राज्याचा विचार करावा लागतो.

रहिवासी आता कमी होत चालले आहेत. दारादारावर ‘सोबे’, म्हणजे खोल्या भाड्याने मिळतील, अशा पाट्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी वाडा बळकावला, ते आता तो रात्रीच्या हिशेबाने पर्यटकांना देतात आणि स्वतः शहराबाहेर लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतात. उरलेल्या म्हाताऱ्या सकाळी वाड्याच्या पश्चिमेच्या मासळीबाजारात जातात. त्या बाजारात माश्या नाहीत. शेजारच्या गंधकाच्या झऱ्यांच्या वासामुळे त्या फिरकत नाहीत, असे स्प्लिटकर सांगतात. सुरमई-पापलेटावर वाढलेल्या मराठी प्रवाशाला खांब, घुमट आणि संत यांपेक्षा हा चमत्कार जास्त पटतो. तो नाकाला रुमाल लावून, पण आदराने, तिथे बराच वेळ उभा राहतो.

भेटीची उत्तम वेळ कोणती, याबद्दल मतभेद आहेत. उन्हाळ्यात दुपारी बाराला डायोक्लेशियन स्वतः पहारेकऱ्यांसह पेरिस्टाइलवर अवतरतो आणि प्रजेला अभिवादन करतो. तो नट असतो. प्रजा मोबाइल उंचावून प्रत्युत्तर देते. वरच्या गोल दालनाचा घुमट उघडा पडला आहे, पण आवाज तिथे असा घुमतो, की क्लापा हे इथले समूहगान गाणारे पुरुष वाद्यांशिवाय उभे राहून गातात आणि गाणे संपल्यावर सीडी विकतात. पावसाळी दिवस टाळावा. शतकानुशतके घासून काचेसारख्या झालेल्या फरशीवर आलेल्या माणसाचे पाय सम्राटापुढे आपोआप लोटांगण घालतात. रबरी तळव्यांचे बूट घालावेत.

संध्याकाळी गर्दी ओसरली की पेरिस्टाइलच्या पायऱ्यांवर बसावे. इथे बसायला तिकीट नाही. पायऱ्यांवर मांडलेल्या उशा मात्र शेजारच्या कॅफेच्या असतात. उशीवर बसले, की कॉफी मागवावी लागते.